विन्सेंटच्या घरी चालायचं

विन्सेंट लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता आणि ह्यांचे ओठ निळे पडत होते.

हे म्हणजे माझा नवरा. गळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. आवाजाची पेटी काढून टाकली होती. गळ्याला भोक, भोकात नळी, श्वास त्या नळीतून. परळच्या हॉस्पिटलातली दुपार होती. हे मघापासून लॅपटॉपवर बोट आपटत होते आणि लॅपटॉप गप्प होता. मग त्यावर इंग्रजीत एक चौकट आली. विन्सेंटने लॅपटॉप ह्यांच्या पुढ्यातून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अरे, ह्यांना काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं.

"बघतोय, मावशी. लायब्ररी सापडत नाही म्हणतोय."

"कसली लायब्ररी?"

"आवाजाची. दोन मिनिटं दे. टेन्शन नको."

माझी मुलगी सुनंदा त्याच्या खांद्यावरून वाकून ती चौकट वाचत होती. हे खाटेच्या लोखंडावर हात आपटायला लागले. मी विचारलं, दुखतंय का, उशी वर करू का. ह्यांनी गळ्याकडे हात नेला. पण ऑपरेशन झाल्यापासून ते सारखाच तिकडे हात नेत होते, पट्टी खाजायची म्हणून. मी हात धरून खाली ठेवला.

नर्स दुसऱ्या खाटेकडे चालली होती. तिने एकदा ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आम्हा तिघांना बाजूला ढकललं. भिंतीवरचा पाइप घेतला, नळीत घातला, यंत्र गुरगुरलं आणि कफाचा हा एवढा गोळा बाहेर आला. ह्यांच्या तोंडावर रंग आला.

"पेशंटकडे बघा की," नर्स म्हणाली. "त्या डब्यात काय बघताय सगळे?"

विन्सेंट उभा राहिला होता. लॅपटॉप छातीशी धरलेला. म्हणाला, "माझ्या घरी चालत होतं, मावशी. देवाशपथ, घरी चालत होतं."

हातात काही असतं तर मी त्याला मारलं असतं.

विन्सेंट आमचा शेजारी. आम्ही गिरगावात चाळीत राहतो आणि आमच्या मागच्या गॅलरीतून खोताची वाडी दिसते. विन्सेंटचं घर तिथलं, लाकडी, पुढे ओटा, जिन्याला हिरवा रंग. त्याची आई रोझी माझी मैत्रीण होती. आम्ही मासळीला बरोबर जायचो आणि कोळणींशी ती भांडायची, मी पिशवी धरायची. विन्सेंट आमच्या डोळ्यांसमोर वाढला. उंच, जरा पुढे वाकलेला, मोजे घालून वर चपला घालणारा. त्याच्या घरात कोणी कोणाला तुम्ही म्हणत नसे, त्यामुळे मलाही तू आणि ह्यांनाही "अण्णा, तू". मला त्याचं काही वाटलं नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे रोझीने त्याला रोज विचारलं आणि त्याने रोज "बघू" म्हटलं.

टेन्शन नको, हे त्याचं वाक्य. टेन्शन नसताना तो ते कधीच म्हणाला नाही.

रोझीचे डोळे गेले शेवटच्या वर्षांत. साखरेने गेले. तेव्हा विन्सेंटने घर असं लावलं की प्रत्येक वस्तूची एक जागा आणि ती जागा कायमची. मीठ चुलीच्या डाव्या हाताला. काडेपेटी मिठाच्या मागे. मेणबत्त्या देव्हाऱ्याखालच्या खणात, उजवीकडे. जपमाळ उशाशी खिळ्याला. खुर्चीचे पाय जिथे टेकायचे तिथे जमिनीवर त्याने खिळ्याने रेघा मारल्या होत्या. रोझी घरभर अशी फिरायची की नवख्या माणसाला कळायचंही नाही. चहा करायची, मला द्यायची, वर विचारायची, "आज ही साडी का नेसलीस?" मी कुठली साडी नेसले आहे ते तिला दिसत नव्हतं. थट्टा करायची.

एका सणाला त्याची बहीण फिलो वसईहून आली. चांगली बाई. आल्या आल्या कामाला लागली, केर काढला, स्टूल भिंतीशी सरकवलं. रोझी त्यावर आपटली आणि हात मोडून घेतला. विन्सेंटने बहिणीला सांगितलं, "इथे आलीस की कशाला हात लावायचा नाही." त्यानंतर फिलो आपल्याच आईच्या घरात मांडीवर हात ठेवून बसायची, पाहुण्यासारखी. हे मला आवडलं नाही आणि मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "मावशी, आईला दिसत नाही. वस्तू हलली की आई पडते."

रोझी गेली. मला वाटलं, आता हा माणसात येईल. नाही. काडेपेटी मिठाच्या मागेच. खुर्ची रेघांवरच. हेही एक वेळ ठीक, त्याचं घर. पण तो दुसऱ्यांच्या घरीही तसाच वागायचा. रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. मी वाढत असले की स्वतः उठायचा, स्वयंपाकघरात जायचा आणि न बघता चुलीच्या डावीकडे हात घालायचा. आमच्याकडे तिथे कोकमाच्या आगळाची बरणी. ती दोनदा फुटली. फरशीवरचा डाग अजून आहे.

"अरे, विचारायला काय होतं तुला?"

"मीठ इथेच पाहिजे, मावशी. उजव्या हातात डाव असतो, डावा हात मोकळा असतो. लॉजिकल आहे."

"कोणाच्या घरात?"

"सगळ्यांच्या."

हे वर पेपरातून तोंड काढून म्हणायचे, "याला माझ्या बसमध्ये घंटी शोधायला लावली पाहिजे होती." हे बसवर कंडक्टर होते. जन्म उभ्याने गेला. आवाज असा की खालच्या डेकवर बोलले की वरच्या डेकवरचा माणूस तिकीट काढायचा. घरातही तसाच आवाज. शेजारणी विचारायच्या, भांडण झालं का. मी सांगायची, नाही, चहा मागतायत.

विन्सेंटची नोकरी लोअर परेलला, मिल पाडून काचेच्या इमारती झाल्या त्यातल्या एकीत. तिथे तो काय करतो, हे त्याने मला अनेकदा समजावलं. मी विचारलं नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण रोज तेच तेच ऐकलं की दगडालाही कळतं, तेवढं मला कळलं. कॉम्प्युटरचा प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. आवाज काढणं, चित्र दाखवणं, ही कामं करणारे तयार गठ्ठे असतात, कोणीतरी आधीच करून ठेवलेले. त्यांना ते लोक लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम जुळवायचा, तेव्हा जुळवणाऱ्या हत्याराला सांगावं लागतं की अमुक लायब्ररी अमुक ठिकाणी आहे, तिथून घे. जुळवण्याला ते बिल्ड म्हणतात. आता घोटाळा असा की कॉम्प्युटर सगळे एका जातीचे नाहीत. विन्सेंटचा लिनक्सचा. सुनंदाचा विंडोजचा. हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत, त्यांचा अॅपलचा. तीन घरं, तिघांच्या मिठाच्या जागा वेगळ्या.

हे मिठाचं माझं म्हणणं नाही, त्याच्याच ऑफिसातली मंडळी त्याला म्हणायची. तोच येऊन हसत सांगायचा. तिथली मंडळी त्याच्यावर चिडायची, कारण हा जुळवणीत स्वतःच्या मशीनचा पत्ता लिहून ठेवायचा. दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम जुळायचा नाही. ते ओरडत यायचे, हा म्हणायचा, "माझ्याकडे चालतंय." मशीनलाच विचारून घ्यायची एक पद्धत असते म्हणे, तुझ्याकडे हे आहे का, असलं तर कुठे आहे. सगळे तीच वापरतात. याला ती कमीपणाची वाटायची. "विचारावं लागतं, म्हणजे घर नीट लावलेलं नाही," म्हणायचा.

ह्यांच्या गळ्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. हे त्या दिवशी घरी येऊन काही बोलले नाहीत. मला राग आला. अजून आवाज आहे तर वापरा की.

दुसऱ्या दिवशी विन्सेंट माइक घेऊन आला. "अण्णा, चल माझ्या ओट्यावर. आवाज आहे तोवर भरून ठेवू. मी प्रोग्राम करतो. तू बटण दाबायचं, तुझाच आवाज येणार."

"मी काय रेडिओ आहे?"

"रेडिओपेक्षा लाऊड आहेस. चल."

हॉस्पिटलच्या मॅडमनी कुठली वाक्यं भरावीत ते सांगितलं होतं. पाणी हवं. दुखतंय. डॉक्टरांना बोलवा. ह्यांनी ती भरभर संपवली, तिकिटं फाडल्यासारखी, आणि मग स्वतःची सुरू केली. "चहात साखर नाही." "सुनंदा, टीव्ही लहान कर." "पुढे सरका, पुढे जागा आहे." मी म्हटलं, हे कशाला, तुम्ही आता बसवर जाणार आहात का? म्हणाले, असू दे, लागतं. वाडीत घरं बघायला लोक येतात, फोटो काढतात. एक जोडपं ओट्याच्या पायरीवर चढलं आणि खिडकीतून आत बघायला लागलं. हे त्यांच्यावर ओरडले, "हे घर आहे, म्युझियम नाय." माइक चालूच होता. विन्सेंट हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला, आणि त्याने त्याचंही बटण केलं.

मग "अगं". हे मला कधी नावाने हाक मारत नाहीत, आमच्यात कोणी मारत नव्हतं. "अगं" एवढंच. विन्सेंट म्हणाला, तीन प्रकारचं भर. एक साधं, चहासाठी. एक वैतागलेलं. एक घाबरलेलं. पहिली दोन झटकन झाली. तिसरं काही जमेना. घाबरल्याचं सोंग करायला गेले की हसू यायचं. विन्सेंट म्हणाला, "अण्णा, ऑपरेशन आठव." मग ते एकदम नीट आलं. मी घरी भांडी घासायला निघून गेले.

प्रोग्राम त्याने सुनंदाच्या लॅपटॉपवर बसवला. आपल्या टेबलावर ठेवून, आम्हाला बोलावून, सगळी बटणं दाबून दाखवली. सगळं वाजलं. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलने लिहायला पाटी दिली होती. ती विन्सेंटने कपाटात टाकली, "पाटी हाताशी असली की अण्णा मशीन वापरणार नाही." ह्यांना सगळ्यांनी मिळून पढवलं, काही झालं की बटण. लॅपटॉप वॉर्डात आणला तेव्हा बटणं नीट दिसत होती. वाजवून बघितली नाहीत, कारण नर्सने आधीच दम दिला होता की इथे आवाज नको. आणि मग ती दुपार आली.

दुसऱ्या दिवशी विन्सेंट हॉस्पिटलच्या दारात मला भेटला. दाढी वाढलेली, मोजे दोन रंगांचे.

"मावशी, कळलं काय झालं ते."

"बोल."

"आवाजाची लायब्ररी माझ्या टेबलावरच्या काळ्या डबीत होती. बाहेरून जोडायची डिस्क असते ना, ती. सुनंदाचा लॅपटॉप माझ्याकडे होता, तेव्हा ती त्याला जोडलेली होती. मी बिल्डमध्ये तिचाच पत्ता दिला होता. लॅपटॉप इकडे आला, डबी तिकडेच राहिली. बटणं प्रोग्राममध्ये होती, म्हणून दिसली. आवाज डबीत होता."

"म्हणजे ह्यांना तू हॉस्पिटलात पाठवलंस आणि ह्यांचा आवाज तुझ्या टेबलावर ठेवलास."

"डबी तिथेच असते, मावशी. कधी हलवत नाही मी."

ती हलत नाही, हीच तर रड होती. त्याला ते ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

तो आत गेला. ह्यांच्या हातात आता पाटी होती, मी कपाटातून काढून दिली होती. विन्सेंटने सगळं परत सांगितलं, डबी, पत्ता, बिल्ड. ह्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, "तिसरं अगं दाबत होतो." मी वाचलं. विन्सेंटने वाचलं. ह्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं, "मी वॉर्डात होतो. तुझ्या घरात नव्हतो."

विन्सेंट टेन्शन नको म्हणाला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही. सुनंदाने पुढ्यात ठेवला तर तोंड फिरवायचे. मॅडम म्हणाल्या होत्या, दुसऱ्या तऱ्हेने आवाज काढायला शिकवू, पण वेळ लागेल, तोवर मशीन वापरा, बोलायची सवय सोडू नका. हे मॅडमकडे जायलाही तयार होईनात. खाली नाक्यावर जाणं बंद. चाळीतले लोक भेटायला यायचे आणि ह्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, जसं काही कान कापलेत. हे पाटीवर दोन शब्द लिहायचे. मग एकच. मग पाटी मांडीवर पालथी. गॅलरीत बसून वाडीकडे बघत राहायचे. जेवताना ताट पुढे ढकललं की पुरे, असं समजायचं. मी भांडून बघितलं. ज्या माणसाने जन्मभर माझ्यावर आवाज चढवला तो गप्प बसून माझ्याकडे बघतो, यात भांडण कसं करणार? मॅडमनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, असेच राहिले तर पुढे बोलणार नाहीत, कुठल्याच तऱ्हेने नाहीत.

विन्सेंट मात्र रोज यायचा. ऑफिसातून थेट, पाठीवर बॅग. ह्यांच्यासमोर जायची हिंमत नाही, म्हणून स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभा राहायचा, आणि मला नको असलेली बातमी द्यायचा.

"मावशी, विंडोजवर झालं."

"बरं."

"पण लिनक्सवर बिघडलं."

"मग आता?"

"आता लिनक्स असेल तर इथे बघ, विंडोज असेल तर तिथे बघ, असं लिहितो."

दोन दिवसांनी नवी तक्रार. "अॅपलवर अडकलंय. मॅडमनी कॉम्प्युटर अपडेट केला, तर लायब्ररीची जागाच बदलली. सांगतसुद्धा नाहीत."

"अरे, त्यांचं घर आहे. तुला कशाला सांगतील?"

"जागा बदलायची कशाला पण?"

डोकं उठायचं. भाजी परतत असताना कानाशी लिनक्स, विंडोज. एकदा मी त्याला लसूण सोलायला बसवलं, निदान हात तरी कामाला. तो लसूण सोलता सोलता म्हणाला, "ऑफिसातली मुलगी आज म्हणाली, तू प्रत्येक घराचा पत्ता पाठ करत बसणार आणि घरं बदलत राहणार. मशीनला विचार ना."

"मग?"

"मग काय. बरोबर आहे तिचं. गेली कित्येक वर्षं बरोबर आहे." पाकळी हातात धरून बसला. "मावशी, आईसाठी घर लावलं तेव्हा बरं वाटायचं. काही विचारावं लागायचं नाही. आई कधी पडली नाही, ती एकदा सोडून."

"अण्णांना दिसतं," मी म्हटलं. "लसूण सोल."

त्यानंतर बरेच दिवस तो आला नाही. मला शांतता मिळाली, खोटं कशाला सांगू. आला तो एका रविवारी सकाळी, आणि स्वयंपाकघरात न येता थेट गॅलरीत ह्यांच्यापुढे जाऊन बसला. सुनंदाचा लॅपटॉप मांडला. हे तोंड फिरवणार, एवढ्यात म्हणाला, "अण्णा, वाजतं ते दाखवायला नाही आलो. वाजत नाही ते दाखवतो."

त्याने लायब्ररी मुद्दाम काढून टाकली आणि प्रोग्राम सुरू केला. सगळा पडदा लाल. त्यावर मोठ्या मराठी अक्षरात, मलाही चष्म्याशिवाय वाचता येईल असं: "आवाज नाही. पाटी घ्या." बटण एकही नाही. मग लायब्ररी परत ठेवली, भलत्याच ठिकाणी ठेवली, आणि पुन्हा सुरू केलं. प्रोग्रामने मशीनला विचारलं, मशीनने सांगितलं कुठे आहे, घंटीसारखा एक टण झाला आणि बटणं आली.

"आता सुरू होतानाच कळतं," विन्सेंट म्हणाला. "आवाज असला तर टण. नसला तर लाल. बटण दाबेपर्यंत थांबायचं नाही. आणि पाटी ही अशी." पाटीला भोक पाडून त्याने ती दोरीने लॅपटॉपच्या बॅगेला बांधली होती.

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बोटाने खूण केली, पुन्हा. विन्सेंटने पुन्हा काढली, पुन्हा लाल. पुन्हा ठेवली, टण. हे आपले करायलाच लावतायत. भाकऱ्या झाल्या, मी ताटं घेतली, तरी यांचं लाल आणि टण चाललेलं. ज्या मशीनने दगा दिला ते वाजतंय, हे दाखवून ह्यांचा विश्वास बसला नसता. ते फसतं तेव्हा तोंडावर कबूल करतं, हे बघून बसला. माणसांच्या बाबतीतही ह्यांचं तसंच आहे.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलला गेलो. मॅडमच्या अॅपलवर प्रोग्राम बसवायचा होता, म्हणजे ह्यांना तिथेही बोलता येईल आणि जमलं तर इतर पेशंटनाही देता येईल. विन्सेंट हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही करा ना." म्हणाला, "नाही मॅडम, मशीन तुमचं आहे. तुम्हीच सुरू करा, ते विचारेल." मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. मॅडमनी सुरू केलं. पडदा थोडा वेळ नुसताच पांढरा. विन्सेंटने डोळे मिटून छातीवर क्रूस केला. टण झालं.

मॅडम म्हणाल्या, "काका, बोला काहीतरी."

खोलीच्या दारात गर्दी होती, आपला नंबर कधी म्हणून सगळे आत डोकावत होते. ह्यांनी बटणं वरपासून खालपर्यंत पाहिली, घाई न करता, आणि एक दाबलं.

"पुढे सरका, पुढे जागा आहे."

तोच आवाज, खालच्या डेकवरून वरच्या डेकला जाणारा. दारातली माणसं खरोखर सरकली. एक बाई पिशवी उचलून पार बाकाच्या टोकाला जाऊन बसली. विन्सेंट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत होता, मी बघायला गेले नाही.

त्या रविवारी तो जेवायला आला. हे टेबलाशी बसून बटणं दाबत होते. "चहात साखर नाही" दाबलं. समोर चहा नव्हताच. नुसता त्रास द्यायचा. विन्सेंट उठला, स्वयंपाकघरात आला आणि दारात थांबला. हात पुढे केला नाही.

"मावशी, मीठ कुठे ठेवतेस?"

"डाव्या हाताला," मी म्हटलं. "आगळाची दुसरी बरणी फुटली तेव्हाच हलवलं. तुझ्या त्रासाने."

"मग सांगायचंस ना."

"विचारलंस कधी?"

त्याने मीठ घेतलं, नेहमीप्रमाणे जास्तच घेतलं, जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं. जाताना ह्यांनी "पुढे सरका" दाबलं. तो जिन्यावर हसत गेला. मी गॅलरीत पाणी टाकायला आले, तेव्हा वाडीच्या तोंडाशी त्याला फोटोवाल्या कोणी दोघांनी थांबवलं होतं, रस्ता विचारत असतील. तो हात करून सांगत होता, वाकून, बराच वेळ. मग आपल्या घराच्या हिरव्या जिन्याने वर गेला.

त्याच आठवड्यात तो गेला. ऑफिसला पोचला नाही, फोन उचलत नाही, म्हणून ऑफिसातली ती मुलगी शोधत आली. घरात टेबलाशी खुर्चीतच होता. हृदय, डॉक्टर म्हणाले. त्याच्या छातीत काही दुखतं, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

फिलो वसईहून आली. घरात माणसं भरली. फादर आले, मेणबत्त्या हव्या होत्या. फिलो खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणत होती, "मला ठाऊक नाही इथे काय कुठे आहे. मला हात लावू द्यायचा नाही तो." मी देव्हाऱ्याशी गेले, खालच्या खणात उजवीकडे हात घातला, न बघता. होत्या. काडेपेटी मिठाच्या मागे होती. पेटवून तिच्या हातात दिली.

ह्यांचे ओठ निळे पडले त्या दुपारी वॉर्डात खाटेशी आम्ही तिघं होतो, चौथे हे. आज हे गॅलरीत बसलेत, आत्ता साधं "अगं" दाबलं, म्हणजे चहा. सुनंदा कामावर गेली आहे. मी आहे. विन्सेंट नाही.